परिषदेत पहिल्यांदा पोस्टर लावणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे परिषदांचा हंगाम सुरू होतो. सांगली, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), कराड, सातारा, कुठल्या ना कुठल्या कॉलेजात राष्ट्रीय परिषद असते. मधेच शिवाजी विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेच्या फेऱ्या येतात, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तर पोस्टर स्पर्धा ठरलेलीच. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या किंवा नुकत्याच पीएच.डी.ला लागलेल्या मुलामुलींना सर सांगतात, “एक पोस्टर टाक.” म्हणजे आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर मांड आणि त्यासमोर उभं राहून येणाऱ्यांना समजावून सांग. पण कुठल्या मापाचं टाकायचं, कुठून छापून घ्यायचं, समोर उभं राहून काय बोलायचं, हे सांगणारं कुणी भेटतंच असं नाही. मी सांगलीत मातीच्या रसायनशास्त्रावर काम केलं, त्या निमित्ताने बरीच पोस्टरं लावली, आणि आता विभागातल्या धाकट्यांची पोस्टरं छापायला जाण्याआधी बघून देते. त्यांना जे सांगते तेच इथे ओळीने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. तुमच्या पोस्टरसमोर माणूस दोन-तीन मिनिटं थांबतो. तेवढ्या वेळात त्याला तुमच्याशी बोलावंसं वाटलं पाहिजे. प्रबंधाची पानं एकाखाली एक चिकटवलेल्या पोस्टरसमोर लोक मान डोलावतात आणि पुढे जातात.

१. परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

परिपत्रकाचं पहिलं पान सगळेच वाचतात, त्यावर पाहुण्यांची नावं आणि तारखा असतात. पोस्टरबद्दलच्या चार ओळी बहुधा शेवटच्या पानावर बारीक टायपात असतात. त्यातून हे वहीत उतरवून घ्या:

– पोस्टरचं माप, आणि ते उभं की आडवं. आपल्याकडे तीन मापं वरचेवर दिसतात: ३ बाय ४ फूट, १ मीटर बाय १ मीटर, आणि ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर.
– पोस्टर बोर्डावर लावायचं आहे की टीव्हीच्या पडद्यावर दाखवायचं आहे. ई-पोस्टर असेल तर छापायचं काहीच नसतं, पडद्याच्या मापाची आडवी फाइल द्यायची असते.
– फ्लेक्स चालतं का. काही संयोजक प्लॅस्टिक नको म्हणून फक्त कागद किंवा कापड घेतात.
– गोषवारा (ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा थोडक्यात सारांश), नोंदणी आणि पूर्ण पेपर यांच्या शेवटच्या तारखा. या तिन्ही वेगळ्या असतात.
– शुल्क किती, आणि ते गोषवारा स्वीकारल्यावर भरायचं की आधी.

‘३ बाय ४’ यात रुंदी आधी लिहिली आहे की उंची, हे लिहिणाऱ्यावर असतं. बोर्ड ३ फूट रुंद आणि तुमचं पोस्टर ४ फूट रुंद झालं, तर ते शेजारच्याच्या बोर्डावर जातं आणि सकाळी सकाळी वाद होतो. शंका असेल तर समन्वयकांना सरळ फोन करा. नंबर परिपत्रकावरच असतो आणि अशा फोनचं कुणाला वाईट वाटत नाही.

आणखी एक. ईमेलवर येणाऱ्या सगळ्याच परिषदा खऱ्या नसतात. नाव भारदस्त, शुल्क दणदणीत, विषय ‘विज्ञान, अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि समाजशास्त्र’ असे सगळे एकत्र, गोषवारा पाठवल्यावर तासाभरात स्वीकारल्याचा निरोप, आणि जादा पैसे भरले तर पेपर छापून देण्याची हमी, असं दिसलं की थांबा. पैसे भरण्याआधी गाईडना दाखवा. कुठलं कॉलेज, कुठला विभाग किंवा कुठली वैज्ञानिक संघटना ती भरवते आहे हे स्पष्ट कळत नसेल, तर तिकडे फिरकू नका.

२. गाईड आणि सहलेखकांची परवानगी आधी घ्या

नावं कुठल्या क्रमाने जाणार हे गोषवारा पाठवण्याआधी ठरवा. सॅम्पल गोळा करायला आलेला मित्र, उपकरणावर रीडिंग घेऊन देणारी सीनियर, यांच्यापैकी लेखक कोण आणि आभारात कोण, हे गाईडशी बसून बोला. नंतर विषय काढला की मनं दुखावतात.

कामावर पेटंट घेण्याचा विचार असेल तर आधी अर्ज, मग पोस्टर. पोस्टर लावलं म्हणजे काम जगजाहीर झालं, आणि जगजाहीर झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळणं फार अवघड होतं. माणसांची किंवा प्राण्यांची तपासणी कामात असेल तर नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक पोस्टरवर हवा. वैद्यकीय आणि फार्मसीच्या परिषदांमध्ये परीक्षक पहिल्यांदा तोच शोधतात.

३. तुमचं म्हणणं एका वाक्यात लिहा

इथे घाई करू नका. पोस्टर बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसणारं शीर्षक असं असतं: ‘मिरज तालुक्यातील मृदा नमुन्यांच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा अभ्यास’. तालुका बदला, मातीच्या जागी विहिरीचं पाणी घाला, दुसरं पोस्टर तयार. अशा शीर्षकातून तुम्ही काय केलंत ते कळतं, काय सापडलं ते कळत नाही. समजा, तुम्ही कृष्णाकाठच्या उसाच्या रानांतली माती तपासली, वरच्या वीतभर थरातली आणि दोन-तीन फूट खालची, आणि खालच्या थरात क्षार जास्त निघाले. मग शीर्षक तेच करा: ‘कृष्णाकाठच्या उसाच्या रानांत वरच्यापेक्षा खालच्या थरात क्षार जास्त’. हे वाचणारा लगेच विचारतो, कुठल्या गावात? पाटपाणी होतं की ठिबक? निचऱ्याची सोय होती का? बोलणं सुरू झालं.

हे वाक्य सापडत नसेल तर घरी जाऊन आईला, नाहीतर रानातल्या काकांना सांगून बघा, “मी दोन वर्षं काम केलं आणि मला असं दिसलं की…” पुढचं वाक्य अडखळलं तर पोस्टरही अडखळणार. ते वाक्य मराठीत नीट जमलं की मग इंग्रजीत करा. उलट्या क्रमाने गेलं की इंग्रजी शब्दांच्या आड आपल्यालाच न कळलेल्या गोष्टी लपून राहतात.

वाक्य ठरलं की वगळायला लागा. तुम्ही सामू, विद्युतवाहकता (हिच्यावरून क्षार किती ते कळतं), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि आणखी सहा गोष्टी मोजल्या असतील. पोस्टरवर त्यातल्या ज्या दोन-तीन गोष्टी तुमच्या वाक्याला आधार देतात तेवढ्याच ठेवा. बाकीचा तक्ता ए-फोर कागदावर छापून फाइलमध्ये ठेवायचा, कुणी विचारलं की काढून दाखवायचा. एवढी मेहनत घेतलेले आकडे सोडताना जीव तुटतो, मला ठाऊक आहे. पण बारा रकान्यांच्या तक्त्यातला एकही आकडा कुणी वाचत नाही.

४. गोषवारा

बहुतेक ठिकाणी २५० ते ३०० शब्दांची मर्यादा असते आणि ऑनलाइन अर्जात पुढचे शब्द कापले जातात, म्हणून मोजूनच लिहा. प्रश्न काय होता, कसं तपासलं, काय निघालं, त्याचा अर्थ काय. निम्मे शब्द ‘माती हा शेतीचा पाया आहे’ अशा प्रस्तावनेत घालवू नका. ‘निष्कर्षांवर चर्चा केली जाईल’ असं लिहिणं म्हणजे निष्कर्ष अजून आलेले नाहीत हे सांगणं. आलेले नसतील तर पुढच्या परिषदेची वाट बघा.

५. मांडणी

एकूण मजकूर ५०० शब्दांच्या आत बसवा. आडव्या पोस्टरला तीन रकाने, उभ्याला दोन. वाचणारा वरून खाली आणि मग उजवीकडे जातो, त्याला बाण दाखवायची गरज नसते. पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी फिकी. कासच्या पठारावरच्या फुलांचा फोटो मागे पसरून त्यावर मजकूर छापण्याची आपल्याकडे फार हौस आहे. फोटो सुंदर असतो, पण त्यावरची अक्षरं दिसत नाहीत.

अक्षरांची मापं ए-झिरो धरून सांगते. शीर्षक ८५ ते १०० पॉइंट, मथळे ४० ते ४८, मजकूर २८ ते ३२. कशालाही २४ च्या खाली जाऊ नका. मराठीत पोस्टर करत असाल तर मात्रा आणि वेलांट्यांना जागा लागते, म्हणून दोन-चार पॉइंट वाढवा आणि ओळींत थोडं अंतर सोडा.

हे बरोबर जमलं का ते बघायची सोपी चाचणी आहे. ए-झिरोची लांबी आणि रुंदी ए-फोरच्या बरोबर चौपट असते. म्हणजे तुमचं पोस्टर ए-फोर कागदावर छापलं की ३२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटचं होतं आणि २४ चं ६. तो कागद पुस्तकासारखा हातात धरून डोळे न ताणता वाचता आला, तर पोस्टर उभ्याउभ्या वाचता येईल. ही चाचणी झेरॉक्सच्या दुकानात दोन-पाच रुपयांत होते, आणि तरीही फार थोडे जण करतात.

२०१९ मध्ये माईक मॉरिसन या अमेरिकेतल्या संशोधकाने पोस्टरची एक वेगळी रचना मांडली. मधोमध मोठ्या अक्षरांत फक्त मुख्य निष्कर्ष, बाजूला बारीक मजकूर, खाली क्यूआर कोड. जगभर ती पसरली. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये मात्र परीक्षकांच्या हातातल्या गुणपत्रिकेत उद्दिष्टं, पद्धत, निष्कर्ष असे रकाने असतात आणि ते मथळे पोस्टरवर शोधले जातात. म्हणून मी मधला रस्ता सुचवते: नेहमीचे मथळे ठेवा, पण मुख्य निष्कर्षाचं वाक्य शीर्षकाखाली ठळक चौकटीत, दहा फुटांवरून वाचता येईल असं लावा.

क्यूआर कोड टाकणार असाल तर तो आगपेटीएवढा नको. हातभर अंतरावरून स्कॅन व्हायला ७-८ सेंटीमीटरचा तरी हवा. त्यामागची ड्राइव्हची लिंक सगळ्यांना उघडते का ते दुसऱ्याच्या मोबाइलवर बघा. स्वतःच्या मोबाइलवर ती उघडणारच.

६. आलेख आणि फोटो

जाणकार माणूस पोस्टरकडे आला की आधी आलेख बघतो, मजकूर नंतर. म्हणून एका आलेखावर एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

वरचंच उदाहरण घेऊ. प्रत्येक गावासाठी दोन दांड्या, वरचा थर आणि खालचा थर. उभ्या अक्षावर विद्युतवाहकता, आणि एकक डेसिसायमन प्रति मीटर असं स्पष्ट लिहिलेलं. प्रत्येक दांडीवर रीडिंगांतला फरक दाखवणारी रेघ (एरर बार), आणि ती स्टँडर्ड डेव्हिएशनची की स्टँडर्ड एररची हे आलेखाखाली. सॅम्पल किती तेही तिथेच. एक्सेलमधले त्रिमिती दांडे वापरू नका, त्यात उंची फसवी दिसते. लाल आणि हिरवा हे दोन रंग शेजारी नकोत, काहींना त्यातला फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी घ्या.

आता बारकावा. क्षारयुक्त जमिनीची मर्यादा म्हणून बरेच जण ४ डेसिसायमन प्रति मीटरची आडवी रेघ आलेखावर मारतात. ही मर्यादा संपृक्त मातीच्या अर्कासाठी, म्हणजे माती पाण्याने जेमतेम पुरती भिजवून तिच्यातून ओढून काढलेल्या पाण्यासाठी आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत बहुतेक वेळा एक भाग माती आणि दोन किंवा अडीच भाग पाणी असं ढवळून रीडिंग घेतात. जास्त पाण्यात क्षार पातळ होतात आणि आकडा खूपच कमी येतो. अशा आकड्यांवर ४ ची रेघ मारली तर खराब जमीनही चांगली ठरते. मृदाशास्त्राचा परीक्षक हे एका नजरेत पकडतो. तुमचा विषय कोणताही असो, ज्या मर्यादेशी तुलना करताय ती कुठल्या पद्धतीने मोजलेल्या आकड्यांसाठी आहे, हे आधी तपासा.

सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या फोटोखाली ‘४०० पट’ लिहून भागत नाही. फोटो पोस्टरवर मोठा केला की तो आकडा खोटा ठरतो. फोटोवरच मोजपट्टीची रेघ काढा, ती फोटोबरोबर वाढते. इंटरनेटवरून चित्र घेतलं असेल तर ज्याचं आहे त्याचं नाव त्याखाली लिहा. शक्यतो घेऊच नका, आपल्या रानाचा आपण काढलेला फोटो कधीही सरस.

७. फाइल तयार करणं

पॉवरपॉइंट पुरतं. नवी स्लाइड घेतल्याबरोबर आधी तिचं माप पोस्टरएवढं करा, मग काम सुरू करा. शेवटी माप बदललं की सगळं विस्कटतं. पॉवरपॉइंट ५६ इंचांपेक्षा मोठी स्लाइड घेत नाही, पण आपल्या मापांना तेवढं पुरेसं आहे. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आलेखांसाठी चांगलं आहे. गणित-भौतिकशास्त्रवाले लाटेकमध्ये करतात, त्यांना मी काही शिकवायची गरज नाही.

फोटो मोबाइलमधून संगणकावर केबलने घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बारीक झालेला असतो. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३३ इंचांवर ताणला तर इंचाला जेमतेम ४८ ठिपके येतात. जवळून बघायच्या छपाईला इंचाला १५० तरी हवेत. कॉलेजचं बोधचिन्हही असंच कुठून तरी उचललेलं, कडा फाटलेलं नको. ऑफिसमधून मूळ फाइल मागून घ्या.

८. छापायला देताना

सांगली-मिरजेत काय किंवा साताऱ्यात काय, फ्लेक्सची दुकानं गल्लोगल्ली आहेत. पण त्यांचा रोजचा धंदा वाढदिवसाच्या आणि अभिनंदनाच्या बॅनरचा, जे रस्त्यापलीकडून वाचायचे असतात. मशीनही त्याच हिशोबाने लावलेलं असतं. तुम्ही तोंडाने सांगा, “दादा, हे चार फुटांवरून वाचायचंय, जास्तीत जास्त क्वालिटीवर काढा.” पृष्ठभाग मॅट घ्या. चकचकीत फ्लेक्सवर हॉलच्या ट्यूबलाइट दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. कागदावर हवं असेल तर इंजिनिअर-आर्किटेक्टची ड्रॉइंग छापून देणाऱ्यांकडे जा. त्यांच्या प्लॉटरवर ए-झिरो कागद चालतो आणि बारीक रेघा फ्लेक्सपेक्षा कितीतरी स्वच्छ येतात. दर चौरस फुटावर असतो, ३ बाय ४ म्हणजे १२ चौरस फूट. ए-झिरो पावणेअकरा चौरस फुटांचं भरतं, पण पैसे बहुधा १२ चेच लागतात.

गणपती, निवडणुका आणि मोठ्या पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवसांत दुकानात रात्रभर मशीन चालू असतं आणि तुमचं एक पोस्टर मागे पडतं. परिषदेच्या चार दिवस आधी छापा, म्हणजे चूक निघाली तर पुन्हा छापायला वेळ उरतो.

पेन ड्राइव्हमध्ये दोन फाइल न्या: फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ, आणि तिचीच इंचाला २०० ठिपक्यांची जेपीजी. दुकानात फाइल कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. तुमचा फॉन्ट तिथे नसेल तर अक्षरं बदलतात. मराठी असेल तर जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. इंग्रजीतलं बिघडलेलं सहज दिसत नाही म्हणून ते जास्त घातक. मायक्रोग्रॅममधला ग्रीक ‘म्यू’ सिम्बॉल फॉन्टमध्ये टाकलेला असला आणि तो फॉन्ट हरवला, की त्याच्या जागी साधा इंग्रजी ‘एम’ येतो. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो, म्हणजे तुमचा प्रत्येक आकडा हजारपट. कुणाला कळतही नाही, परीक्षकाला मात्र कळतं. म्हणून छापण्याआधी ऑपरेटरच्या शेजारी बसा आणि पडद्यावर मोठं करून म्यू, अधिक-उणे, अंशाचं चिन्ह, वरचे-खालचे आकडे आणि सगळी नावं बघा. काहीही हललेलं दिसलं तर जेपीजी वापरायला सांगा.

ऑपरेटर माप जमवायला फाइल ताणतो, तेव्हाही लक्ष ठेवा. ए-झिरोची फाइल ३ बाय ४ मध्ये ओढली की गोल पेट्री डिश लंबगोल होते. “ताणू नका, कडेला पांढरं राहू दे” म्हणा. शक्य असेल तर ज्या भागात आलेख आहे तेवढा फूटभर तुकडा आधी काढून बघा.

पोस्टर कधीही घडी घालू नका, फ्लेक्सवरची घडी जात नाही. छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. मग बोर्डावर लावल्यावर कोपरे पुढे वळत नाहीत, बोर्डाकडे दबतात.

९. बोलायची तयारी

तीन लांबीचं बोलणं तयार ठेवा. जाता जाता थबकलेल्यासाठी एक वाक्य, थांबलेल्यासाठी एक मिनिट, परीक्षकासाठी तीन मिनिटं. पाठांतर करू नका. पाठ केलेलं मधे कुणी तोडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि परीक्षक तर मधेच तोडतात. आलेख क्रमाने दाखवत बोललात की तेच तुम्हाला पुढचं वाक्य सुचवतात.

आता भाषेचं. आपल्या कॉलेजांतली कितीतरी हुशार मुलं इंग्रजीच्या धास्तीने पोस्टर द्यायलाच तयार होत नाहीत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. जिल्ह्या-विद्यापीठाच्या पातळीवर परीक्षक बहुधा मराठीच असतात. सरळ विचारा, “मॅडम, मराठीत सांगितलं तर चालेल का?” परिषदेची भाषा इंग्रजीच आहे असं परिपत्रकात स्पष्ट असेल, किंवा परीक्षक बाहेरच्या राज्यातले असतील, तर सुरुवातीची चार वाक्यं इंग्रजीत पक्की करा आणि बाकी आलेखावर बोट ठेवून छोट्या वाक्यांत सांगा. कंडक्टिव्हिटी, स्टँडर्ड एरर हे शब्द तुम्हाला येतातच. ज्याने स्वतः रानात उभं राहून माती काढली आहे त्याचं साधं इंग्रजी लोक लक्ष देऊन ऐकतात.

हे प्रश्न हमखास येतात, उत्तरं आधीच मोठ्याने बोलून बघा:

– यात नवीन काय आहे? आधी कुणी काय केलं होतं, त्यापुढे तुम्ही काय केलंत, एवढंच सांगा.
– सॅम्पल किती, आणि तेवढीच का?
– कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) कोणता घेतला?
– हीच पद्धत का वापरली?
– शेतकऱ्याला, रुग्णाला किंवा कारखान्याला याचा उपयोग काय? इथे फुगवून सांगू नका. क्षार कुठे आहेत हे तुम्ही दाखवलंत, जमीन सुधारून दाखवलेली नाही.
– यात तुम्ही स्वतः काय केलंत? दोघा-तिघांचं काम असेल तर हा प्रश्न येणारच.

उत्तर येत नसेल तर “सर, हे आम्ही तपासलेलं नाही, पण असं तपासता येईल” म्हणा. परीक्षकांना ते चालतं. गोलमोल उत्तर त्यांना चालत नाही, ते त्यावर आणखी तीन प्रश्न विचारतात.

सराव विभागातच करा. पोस्टर भिंतीवर लावा आणि दुसऱ्या विषयाच्या एका मैत्रिणीला, एका ज्युनिअरला आणि प्रयोगशाळेतल्या काकांना समजावून सांगा. काकांनी वर्षानुवर्षं प्रयोग बघितलेले असतात, त्यांचे प्रश्न फार नेमके येतात.

१०. पिशवीत काय हवं

कागदपत्रं: गोषवारा स्वीकारल्याचा ईमेल छापून, शुल्क भरल्याची पावती यूटीआर (बँकेच्या व्यवहाराच्या) क्रमांकासह, कॉलेजचं ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, मागितलं असेल तर बोनाफाईड आणि विभागप्रमुख-प्राचार्यांच्या सहीचं पत्र, दोन पासपोर्ट फोटो. ‘आविष्कार’ला प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे कागद लागतात, ते आदल्या दिवशी मागू नका. सर मीटिंगला बाहेरगावी असतात.

सामान: दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, टाचण्या, सेफ्टी पिना, सुतळी, कात्री, मार्कर, पोस्टरच्या ए-फोर आकाराच्या वीसेक प्रती, जादा तक्त्यांची फाइल, वही-पेन, पाण्याची बाटली. पोस्टरची फाइल पेन ड्राइव्हमध्ये आणि स्वतःच्या ईमेलवर, दोन्हीकडे.

पोस्टर न्यायला विकतची नळी नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोपणं घ्या. ए-झिरोसाठी ३५-३६ इंच लांबी पुरते. त्यावर नाव आणि मोबाइल नंबर लिहा. एस.टी.त वरच्या फळीवर ठेवली तर उतरताना विसरते, पायाशी उभी धरा.

११. परिषदेच्या दिवशी

नोंदणीच्या गर्दीआधी पोहोचा, किटबरोबर पोस्टर क्रमांक मिळतो. त्याच क्रमांकाच्या बोर्डावर लावा, बोर्ड चांगला दिसतो म्हणून दुसऱ्याच्या जागी नको. आपल्याकडे बोर्डाऐवजी मांडवाचं कापडही असतं. त्यावर टेप धरत नाही आणि टाचण्या निसटतात, तिथे सेफ्टी पिना आणि सुतळी कामाला येतात. पंखा शेजारीच असेल तर खालचे कोपरेही बांधा. शीर्षक डोळ्यांच्या थोडं वर राहील अशी उंची ठेवा, आणि खालचा मजकूर गुडघ्याच्या खाली जाऊ देऊ नका.

उभं राहताना पोस्टरच्या कडेला राहा. मधे उभं राहिलं की आलेखच झाकला जातो. मोबाइल खिशात. कुणी वाचत असेल तर त्याला दोन क्षण वाचू द्या, मग विचारा, “थोडक्यात सांगू का?” परीक्षक घाईत असतात. ते आले की नमस्कार, नाव, आणि लगेच मुख्य वाक्य.

पोस्टरची वेळ बरेचदा जेवणाच्या सुट्टीला लागून असते, आणि परीक्षक नेमके तेव्हाच येतात. जेवायला जाणारच असाल तर दोघांनी आळीपाळीने जा. एकटे असाल तर ‘पावणेदोनला परत येते’ असा कागद मोबाइल नंबरसह लावून जा. मोकळ्या वेळात आसपासची पोस्टरं बघा आणि प्रश्न विचारा. शेजारच्या पोस्टरवाल्याशी झालेली ओळख बहुधा पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण तोही तुमच्याच उपकरणाशी झगडत असतो.

ज्याने ज्याने काही सुचवलं, त्याचं नाव, कॉलेज आणि सूचना लगेच वहीत लिहा. संध्याकाळपर्यंत त्यातलं निम्मं आठवत नाही. पेपर लिहायला बसाल तेव्हा तो तपासणाऱ्या परीक्षकांचे बरेचसे प्रश्न आधीच तुमच्या वहीत असतील.

१२. परत आल्यावर

प्रमाणपत्र हातात पडताच तिथेच नावाचं स्पेलिंग, शीर्षक आणि तारीख बघा. नंतर दुरुस्त करून मिळायला महिने जातात. गोषवाऱ्यांच्या पुस्तिकेतलं आपलं पान फोटो काढून ठेवा, पीएच.डी.च्या प्रगती अहवालाला ते लागतं. गाईडची परवानगी असेल तर पोस्टरची पीडीएफ झेनोडो या संशोधन साठवून ठेवायच्या मोफत संकेतस्थळावर टाका. तिथे डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो आणि पुढे कुणालाही त्याचा दाखला देता येतो.

ज्यांनी ईमेल पत्ता दिला त्यांना आठवड्याच्या आत पोस्टरची प्रत पाठवा. विभागाकडून प्रवासखर्च मिळणार असेल तर हजेरीचं प्रमाणपत्र, शुल्काची पावती, छपाईचं बिल आणि तिकिटं एकत्र लावून अर्ज लगेच करा. एस.टी.च्या मशीनवर निघालेलं तिकीट थोड्याच दिवसांत पुसट होतं, त्याची झेरॉक्स घरी पोहोचल्याच्या दिवशीच काढा.